एक आडवी रेघ

सरांच्या कोटाच्या वरच्या खिशात पेन नसायचं, थर्मामीटर असायचा. पनवेलच्या मोटार-स्टँडसमोर चाचांचं चहाचं दुकान होतं. कॉलेजात जाण्याआधी सर तिथे बसायचे, कप पुढ्यात आला की त्यात थर्मामीटर उभा करायचे आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहायचे. "त्र्याहत्तर. अजून चार मिनिटं." मग चहा पिऊन ते आकडे एका वहीत लिहून ठेवायचे. पहिल्याच आठवड्यात चाचांनी विचारलं होतं, "मास्टरसाब, चाय को बुखार आया क्या?" सर मान वर न करता म्हणाले, "आलाय, पण उतरतोय." चाचा इतके हसले की त्या दिवसाचा चहा त्यांनी फुकट पाजला.

स्टँडवर गाड्यांच्या वेळा लिहिलेला एक फळा होता. सर पावसाळाभर छत्री घेऊन तिथे उभे राहिले, कुठली मोटार खरोखर किती वाजता सुटते ते टिपून घेतलं आणि फळ्याशेजारी आपला एक कागद डकवला. वर ठळक अक्षरांत मथळा होता, 'पाहिलेल्या वेळा'. आपट्याला जाणारी आठची मोटार त्या कागदावर आठ एकोणतीसची होती. स्टँडवरच्या कारकुनाने तो कागद फाडला, सरांनी दुसरा लावला. तो फाडला, तर तिसरा लावला. असं चार-पाच वेळा झालं. पुढे एकदा मी माझ्या कानांनी ऐकलं, तोच कारकून आपल्या मेव्हण्याला सांगत होता, "अरे फळ्यावर काय बघतोस? सरांच्या कागदावर बघ ना!"

हे मी हसत सांगतेय खरी. पण तेव्हा, साठ सालानंतरच्या त्या दिवसांत, मला त्यांची भयंकर धास्ती वाटायची. मी तशी तोंडाळ, कुणाच्या बापाला न भिणारी. सरांसमोर मात्र माझी जीभ टाळ्याला चिकटायची.

आमचं कॉलेज नवंकोरं होतं, इमारत जुनी. एका बंद पडलेल्या भातगिरणीचं गोदाम गावकऱ्यांनी वर्गणी काढून कॉलेजसाठी घेतलं होतं. पंख्याची सोय नव्हती, गॅस नव्हता. स्पिरिटचे दिवे आणि रॉकेलचा स्टोव्ह यांच्यावर आमची रसायनशाळा चालायची. वारा सुटला की तुळईवरचा जुना तूस खाली पडायचा आणि नेमका तराजूच्या पारड्यात जाऊन बसायचा. विद्यापीठाची मान्यताही कायमची नव्हती. दर वर्षी समिती यायची, नाकाला रुमाल लावून फिरायची आणि आणखी एका वर्षाची मुदत देऊन जायची. इंटर सायन्सची आमची पहिलीच तुकडी. आम्ही एकवीस जण, त्यात मुली दोन. एक गावातल्या डॉक्टरांची, आणि दुसरी मी, खाडीकाठच्या मिठागराच्या मुकादमाची.

आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, मॅट्रिकपर्यंतही मीच पहिली. माझ्या कॉलेजवरून घरात रोज वादावादी. माझ्या वडिलांचे, म्हणजे आबांचे, थोरले भाऊ, आमचे तात्या, ओसरीवर बसून ऐकवायचे, "पोरीला रसायान कशाला रं शिकवतस? आमी मीठ काय कालेजान जाऊन पिकवतांव?" शेवटी आबांनी तोड काढली. इंटर पास झाली तर पुढे शिकेल. उडाली, तर तुळशीचं लग्न झालं की पहिल्या मुहूर्ताला हिचंही. उरणकडचं एक स्थळ तात्यांनी हेरूनही ठेवलं होतं. नवरामुलगा वाईट नव्हता म्हणे. पण मला नको होता, मला बी. एस्सी. व्हायचं होतं.

सर आम्हा सगळ्यांना अहो-जाहो करायचे. मुलगे असतील तर 'गृहस्थ', मुली असतील तर 'बाई'. मिसरूड न फुटलेल्या पोरांना "अहो गृहस्थ, ब्युरेट सरळ धरा" म्हटलं की आम्ही ओठ चावून हसू दाबायचो. आणि एक वाक्य त्यांच्या तोंडी सतत असायचं, "पाहिलंत की ऐकलंत?" कुणी काहीही सांगितलं, पाऊस आला, प्रिन्सिपॉल आले, अमक्याचं लग्न ठरलं, की सरांचा प्रश्न ठरलेला. ऐकलं असं म्हटलं तर ते मान हलवून पुढे चालू लागायचे.

प्रयोगशाळेच्या दारात एक लोणच्याची बरणी ठेवलेली असायची. आत शिरताना प्रत्येकाने आपलं खोडरबर त्या बरणीत टाकायचं, हा नियम. पेन्सिलही बाहेर. जर्नल शाईने लिहायचं. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, ती सुद्धा अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही करायची आणि का चुकलं ते चार शब्दांत लिहायचं. "चूक झाकायची नाही, बाई. उद्या कुणालातरी ती लागेल," असं ते म्हणायचे. कुणाला आणि कशाला लागेल, ते काही आम्हाला समजायचं नाही.

माझी आणि त्यांची पहिली खरी गाठ पडली ती पहिल्या सहामाहीत. त्या काळी, आणि बहुधा आजही, प्रयोग करणं आणि रीडिंग लिहिणं ही दोन वेगळी कामं समजली जातात. उत्तर किती यायला हवं ते आधी कळतं, मग त्याला जुळतील असे आकडे शिजवायचे. आमच्याकडे ते उत्तर सांगायला प्रयोगशाळेचे हमाल होते. खारघरच्या बाजूचे, बेलपाड्याचे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. फार मायाळू माणूस. खेड्यापाड्यांतली पोरं पास व्हावीत म्हणून त्यांचा जीव तुटायचा. झाडू मारत मारत ते टेबलाजवळ यायचे आणि पुटपुटायचे, "बारा पायजे हां, बारा." आणि वर्गातल्या सगळ्यांना बारा यायचे.

मीही त्या दिवशी बारा लिहिले. सरांनी माझं जर्नल बघितलं, मग मला बाजूला व्हायला सांगून माझ्याच टेबलावर, माझ्याच बाटल्यांतून प्रयोग करायला घेतला. त्यांना बारा आले नाहीत. त्यांनी पुन्हा केला, पुन्हा वेगळं आलं. मला वाटलं आता ओरडतील. पण ते अगदी हळहळून म्हणाले, "तुमच्या हातून जे आलं होतं ते किती होतं हो, बाई? आठवतंय?" मला आठवत नव्हतं. मी ते बघितलंच नव्हतं. "गेलं की मग ते. आता नाही मिळायचं परत," सर म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. कुणी वारल्यावर बोलतात तसा त्यांचा आवाज होता. मी नळाजवळ जाऊन ढसाढसा रडले, आणि त्या दिवसापासून शिजवलेल्या आकड्याच्या नावाने कानाला खडा लावला.

एका रविवारी सरांनी आख्खा वर्ग आमच्या मिठागरावर नेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबा गुडघ्यापर्यंत चिखलात, अंगात बंडी, आणि डॉक्टरांची मुलगी पांढऱ्या साडीत बांधावर उभी! सरांनी चपला काढल्या, धोतर खोचलं आणि खुशाल बांधाच्या कडेला पाय सोडून बसले. वही उघडून आबांना म्हणाले, "हं, तुम्ही सांगा. आज आम्ही विद्यार्थी."

आबा आधी संकोचले. मग वाफ्यातलं पाणी ओंजळीत घेऊन म्हणाले, "बोटांना चिकट लागला पायजे. जिभंला सांगाव नाय लागत, ती आपून बोलतं. ह्या पान्याला आजून दोन दिस हायेत. त्या पलीकडच्याला उद्या मीठ धरल."

सरांनी खिशातून काचेचा घनतामापक काढला, दोन्ही वाफ्यांत सोडला, आकडे लिहिले. दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशीही कॉलेज सुटल्यावर ते एकटे चालत मिठागरावर आले. पलीकडच्या वाफ्यात दुसऱ्या दिवशी मीठ धरलं, अलीकडच्यात तिसऱ्या दिवशी. सरांनी आबांना वाकून नमस्कार केला. आमच्या आबांना, बंडी घातलेल्या! आमचं घर मिठागराला लागूनच. तात्या ओसरीवरून बघत होते, त्यांनी तोंडातलं पान तसंच धरून ठेवलं. त्या नमस्काराने मी किती उंच झाले ते मलाच ठाऊक.

आणि मग इंटरची परीक्षा आली. चैत्राचे दिवस, गोदामाचे पत्रे तापलेले. प्रात्यक्षिकाला मुंबईहून बाहेरचे परीक्षक आले होते, टायवाले, तसे सभ्य गृहस्थ. आतले परीक्षक आमचे सर. प्रयोग सोपा होता. बाटलीत दिलेल्या द्रावणात ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे स्टोव्हवर वाफ करून थंड केलेलं निव्वळ पाणी घालून ते पातळ करायचं. मग ब्युरेटमधून, म्हणजे आकडे कोरलेल्या लांब काचनळीतून, सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडायचं आणि रंग विटेसारखा तांबूस झाला की थांबायचं. किती लागलं ते लिहायचं. त्यावरून त्यात मीठ किती ते कळतं. मिठागरवाल्याच्या पोरीला मिठाचाच प्रयोग! मी मनात देवाचे आभार मानले.

पहिल्या वेळी चौदा पूर्णांक सहा आले. मामा झाडू घेऊन माझ्याजवळून गेले. "धा हाय, पोरी. धा."

मी सगळं ओतून पुन्हा केलं. चौदा पूर्णांक सात. आजूबाजूला सगळ्यांचे आकडे लिहून झाले होते. मामा परत आले, या वेळी त्यांचा चेहरा रडवेला होता. "बाय, समद्यांनी धा लिवलाय. लिव ना तू पन. कशाला जिवाशी खेलतंस?"

मी तिसऱ्यांदा केलं. चौदा पूर्णांक सहा. पेनाचं टोक कागदावर टेकवून मी उभी राहिले. डोळ्यांसमोर मुंडावळ्या दिसत होत्या, तात्यांचा पानाने रंगलेला ओठ दिसत होता. दहा लिहिलं की सुटले. एक आणि शून्य, बस. पण मला ते हळहळणं आठवलं, 'गेलं की मग ते.' मी तिन्ही आकडे जसेच्या तसे लिहिले. धीर वगैरे काही नव्हता.

बाहेरच्या परीक्षकांनी वह्या चाळल्या. वीस वह्यांत दहा, एका वहीत चौदा पूर्णांक सहा. ते मला म्हणाले, "काय हो, एवढ्या जणांत तुम्ही एकट्याच कशा चुकलात?" आणि लाल पेन्सिल उचलली.

सर उठून माझ्या टेबलाजवळ आले. "पाहिलंत, बाई?"

"पाहिलं, सर."

"किती वेळा?"

"तीनदा."

"आणखी काय पाहिलंत?"

तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं, "ब्युरेट पाण्याने विसळून त्यात सिल्व्हर नायट्रेट भरलं ना, तेव्हा ते जरा पांढुरकं झालं. आणि सर... मी पाण्याचं बोट जिभेला लावलं. मचूळ आहे ते. चैतात आमच्या विहिरीचं लागतं तसं."

प्रयोगशाळेत काही चाखायचं नाही हा सरांचाच कडक नियम. पण ते रागावले नाहीत. कोपऱ्यातल्या ज्या मोठ्या बरणीतून आम्ही एकवीस जणांनी पाणी घेतलं होतं तिथे गेले, परीक्षानळीत त्यातलं थोडं पाणी घेतलं आणि वरून सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब सोडला. चांगल्या पाण्यात काही होत नाही. या पाण्यात मात्र दूध नासल्यासारखं पांढरं पांढरं झालं. सरांनी ती नळी उजेडात धरली, परीक्षकांनाही दाखवली.

परीक्षकांना कळायला क्षणभर लागला. मग ते सावकाश म्हणाले, "म्हणजे पाण्यातच मीठ होतं. मग दहा येणं शक्यच नाही. या वीस जणांना दहा आले कुठून?"

वरून तूस पडत होता.

मामा झाडू खाली ठेवून पुढे आले. काल संध्याकाळी स्टोव्ह बिघडला, पाणी गाळून होईना, म्हणून त्यांनी विहिरीचंच नितळ पाणी भरलं होतं. "पानी निवलशंख होता, सायेब. आन सरांना मीच बोललो, भरलाय म्हनून. माज्या पोटावर मारू नका."

"तुम्ही बोललात," सर म्हणाले, "आणि मी ऐकलं. बघायचं काम माझं होतं, तुमचं नाही."

परीक्षकांनी सरांना खिडकीशी नेलं. मी जवळच उभी असल्याने मला ऐकू येत होतं. ते म्हणत होते, "सर, पहिली तुकडी आहे तुमची. हे कागदावर गेलं तर मान्यतेचं कठीण होईल. त्या मुलीला मी पास करतो, तिचं बरोबरच आहे. बाकीचं राहू द्या."

खोटं कशाला सांगू? मी मनात म्हणत होते, हो म्हणा सर, हो म्हणा ना! माझं भलं होत होतं, सगळ्यांचंच होत होतं.

सर म्हणाले, "राहू दिलं, तर मग मी यांना दोन वर्षं शिकवलं काय?" ते टेबलाशी बसले आणि इतका वेळ लावून अहवाल लिहिला की आम्ही उभे राहून राहून थकलो. पाणी तपासलं नाही हा दोष स्वतःचा. वीस जणांनी न पाहिलेलं लिहिलं हाही दोष स्वतःचा, कारण शिकवणारे ते. मामांचं त्यात नावही नव्हतं.

पंधरा दिवसांनी सगळ्यांची प्रात्यक्षिक परीक्षा पुन्हा झाली, माझीसुद्धा. मुलगे माझ्याशी बोलेनात. एकाने तर बरणीतलं आपलं खोडरबर काढून माझ्या अंगावर फेकलं. कॉलेजच्या मंडळींनी सरांना परीक्षकपदावरून काढलं होतं, ते त्या दिवशी प्रयोगशाळेत पाऊलही टाकू शकले नाहीत. गोदामाच्या बाहेर चिंचेखाली उभे होते. परीक्षा संपल्यावर तेच मुंबईचे परीक्षक बाहेर आले आणि सरांपुढे थांबले. "सर, आज एकवीस जणांची एकवीस उत्तरं आली. नऊ पूर्णांक आठ, दहा पूर्णांक तीन... कुणाही दोघांचं जुळत नाही. माझ्या आयुष्यात असे कागद मी पाहिले नव्हते."

"पाहिलेत ना? मग झालं," सर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

मी पास झाले. तात्या आठ दिवस बोलले नाहीत, मग एके सकाळी म्हणाले, "शिक बाय, शिक. पान्यानं तुजी लाज राखली." त्या वर्षी मान्यता लांबली, मग मिळाली. जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा सर नव्हते. कुणी म्हणालं घाटावर गेले, कुणी म्हणालं नागपूरकडे. सगळं ऐकलेलं, पाहिलेलं कुणाचंच नाही. मामा मात्र निवृत्त होईपर्यंत त्याच प्रयोगशाळेत होते.

पुढे मी बी. एस्सी. झाले, एम. एस्सी. झाले, मुंबईच्या एका कॉलेजात शिकवू लागले. पुष्कळ वर्षांनी बाहेरची परीक्षक म्हणून मला पनवेलला पाठवलं. गोदाम जाऊन तिथे पक्की इमारत आली होती, गॅस आला होता. कारकुनाने सहीसाठी परीक्षकांचं रजिस्टर पुढे केलं. जुनंच होतं, जाडजूड. मी नको नको म्हणत मागची पानं उलटत गेले आणि आमच्या वर्षाचं पान सापडलं.

फेरपरीक्षेच्या रकान्यात आतल्या परीक्षकाचं नाव आधीच लिहून ठेवलेलं होतं, सरांचं. त्यावर शाईची एक आडवी रेघ होती. वरून कुणी गिरगटलेलं नव्हतं, ब्लेडने खरवडलेलं नव्हतं. खालचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. रेघेशेजारी सही होती, सरांचीच. म्हणजे नाव काढायला लागलं तेव्हा ते त्यांनी स्वतःच्या हाताने काढलं होतं. आणि त्यापुढे नियमाप्रमाणे कारण, चार शब्दांत. 'पाहिलं नाही. ऐकलं होतं.'

मला मोठ्याने रडू आलं. कारकून घाबरून पाण्याचा ग्लास घेऊन आला. त्याच्या मागोमाग प्रयोगशाळेतला नवा हमाल दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, डिस्टिल्ड पाणी भरलंय. मुलांना आत घेऊ?"

"थांबा जरा," मी म्हटलं.

मी उठले, बरणीतलं थोडं पाणी परीक्षानळीत घेतलं, सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकला आणि खिडकीशी जाऊन नळी उजेडात धरली. पाणी नितळ राहिलं. मग मी रजिस्टरवर सही केली.